दोन-दोन ठोके

ठकीचे पुढचे दोन्ही दात एकाच आठवड्यात पडले आणि तिची आई, म्हणजे आमची लेक, परदेशातल्या इस्पितळात नर्स म्हणून गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. दात पुन्हा आले. लेकीची कामाची मुदत मात्र संपायच्या ऐवजी वाढायला लागली.

ठकी तेव्हा दुसरीत होती. ती आमच्याकडे राहायची, कारण तिला ठेवण्यासारखं दुसरं घर नव्हतं. दर रविवारी संध्याकाळी साडेसातला लेकीचा फोन यायचा आणि फोन वाजला की ठकी पलंगाखाली जायची. बायको फोनवर सांगायची, "अगं, आत्ताच अंघोळीला गेली." पुढच्या रविवारीही अंघोळ. त्याच्या पुढच्याही. आपली मुलगी इकडे माशासारखी पाण्यातच राहते असं लेकीला वाटलं असलं तर नवल नाही.

मग लेक विचारायची, "तुम्ही कसे आहात?" आणि बायको म्हणायची, "आम्ही मजेत. तू तब्येत सांभाळ." बोलणं संपलं की ती पदराने फोन पुसायची. फोनवर धूळ नसायची.

एका रविवारी लेक म्हणाली, "आई, इथे अजून दोन वर्षांसाठी सही मागतायत. महिनाअखेरीला सांगायचंय. काय करू?"

बायको म्हणाली, "तुला बरं वाटेल ते कर. आमचं काय, आम्ही मजेत."

मी शेजारीच बसलो होतो. आमच्या घरात असल्या गोष्टी बोलायचं खातं बायकोकडे आहे, आणि ते खातं बहुतेक बंदच असतं.

त्याच आठवड्यात ठकीच्या बाईंनी शाळेतून एक कागद पाठवला. कुटुंबाने एकत्र करायचा प्रार्थनेचा उपक्रम. रोज ठरलेल्या वेळी सगळ्यांनी गोल बसायचं, मध्ये पाण्याचं भांडं ठेवायचं, काहीतरी वाजवून सुरुवात करायची, थोडा वेळ गप्प राहायचं, मग ज्याची आठवण येते त्याच्या नावाने एकेक खडा पाण्यात सोडायचा. कोणता देव, कोणती भाषा, काही अट नव्हती. अट एकच, जाड अक्षरात: शांततेत कोणीही बोलायचं नाही. मी कागद दोनदा वाचला. अक्षरं मी पस्तिशी उलटल्यावर शिकलो, वर्गाबाहेरच्या स्टुलावर बसून, त्यामुळे छापलेला शब्द मी जरा जास्तच मनावर घेतो. बायको म्हणते, मी औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा शपथ घेतल्यासारखी वाचतो.

स्टूल कसलं, हे सांगायला हवं. मी शाळेत शिपाई होतो. लोक शिपाई म्हणतात. माझं म्हणणं एवढंच की मुख्याध्यापकांच्या हातात शाळा होती आणि माझ्या हातात वेळ होती. मी घंटा दिल्याशिवाय गणित संपत नसे. पोरं मला मामा म्हणायची, आणि ती पोरं आता टक्कल पडून आमच्याच इमारतीत राहतात, तरी मामाच म्हणतात. शाळेत विजेची घंटा आली तेव्हा निरोपाच्या दिवशी मला नारळाऐवजी जुनी घंटा दिली. घंटा म्हणजे रुळाचा तुकडा आणि एक लोखंडी हातोडी. ती घरी आणली तेव्हा बायको म्हणाली, "लोकांचे नवरे निवृत्त होऊन घरी येतात. माझा आगगाडी घेऊन आला." तेव्हापासून घंटा पलंगाखाली.

आणि पलंगाखाली कोण जायचं, ते सांगितलंच आहे.

"आजोबा, हे काय आहे?" रविवारी फोन ठेवून झाल्यावर आतून आवाज आला.

"घंटा."

"ही? घंटा गोल असते."

"गोल घंटा सायकलीला. ही शाळेची. हिचा आवाज नदीपलीकडे जायचा."

ती सरपटत बाहेर आली. केसांत जाळं. "समुद्रापलीकडे?"

माणसाने अशा वेळी विचार करून बोलावं. मी म्हणालो, "वारा असला तर."

ठकी बाईंचा कागद घेऊन आली, 'काहीतरी वाजवून' या शब्दांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. जी पोर आईच्या फोनपाशी यायला तयार नव्हती, तिला आईपर्यंत पोचेल एवढी मोठी घंटा हवी होती. हे मला तेव्हा कळलं असं म्हणणार नाही. मला तेव्हा एवढंच कळलं की निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे कामासाठी बघतंय.

घंटा आधी गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगली. दांडीने तासभर सहन केलं. मग दांडी, घंटा आणि माझी एक बनियन असा सगळा संसार खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींच्या पत्र्यावर उतरला. सेक्रेटरी म्हणजे आमच्या इमारतीच्या संस्थेचे सेक्रेटरी. माझ्या शाळेतलेच. वर्गात असताना फळा पुसायला सगळ्यात पुढे, आता नोटीस लावायला सगळ्यात पुढे.

"मामा, पत्र्याला भोक पडलंय," ते खालून ओरडले.

"हवा खेळती राहील," बायको वरून म्हणाली. मला मदत करायची असली की ती असं काहीतरी बोलते आणि माझं काम दुप्पट होतं.

शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर सल्ला द्यायला आले. ते सल्ला देताना आधी विषयाचं वजन करतात. "हे ओझं गच्चीवरच्या टाकीच्या लोखंडी चौकटीला टांगा," ते म्हणाले. "आवाजाला मोकळा रस्ता मिळेल. बाकी पाण्यात टाकायचे खडे कुठून आणणार?"

"पलीकडे बांधकाम चाललंय, तिथून."

"छे! बांधकामाचा खडा म्हणजे फोडलेला खडा. आठवणीला गुळगुळीत लागतो." आणि त्यांनी खरंच स्वतःच्या माशांच्या काचेच्या टाकीतले खडे काढून दिले. मासे दोन दिवस बावरलेले होते म्हणे.

सोमवारी संध्याकाळी सातला मी गच्चीवर चढलो. खाली बायको आणि ठकी भांड्याशी बसलेल्या. मी हातोडी उचलली, आणि इतक्या वर्षांनी हातात ती आल्यावर हात मला न विचारता सुटला. ठण ठण ठण ठण, न थांबता, जीव खाऊन. तळमजल्यावर एका बाईंची शिकवणी चालते. तिथली सगळी पोरं दप्तरं उचलून "सुटलीऽऽ" करत रस्त्यावर. बाई मागे. मी वरून बघत होतो. माझ्या हाताने शाळा सुटल्याची घंटा दिली होती. त्याचं काय चुकलं? संध्याकाळची घंटा त्याला तीच ठाऊक.

शिकवणीच्या बाई वर आल्या. "मामा, अर्धी पोरं सापडली. उरलेली तुम्ही आणून द्या."

दुसऱ्या दिवशी मी हाताला बजावलं. प्रार्थनेची घंटा वेगळी असते: दोन ठोके, थांबा, दोन ठोके, थांबा. सकाळी अकराला हे दोन-दोन ठोके पडले की शाळेत असेल तिथे, असेल तसं उभं राहायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे. आणि हेच ठोके अवेळी पडले तर कोणीतरी गेलं असं समजायचं, पटांगणात जमायचं, गप्प उभं राहायचं. आमच्या गावातल्या दोन पिढ्यांच्या अंगात हे मुरलेलं आहे. त्याचा विचार मी करायला हवा होता.

मी दोन-दोन ठोके दिले तेव्हा सेक्रेटरी जिन्यात उभे राहून वॉचमनला झापत होते. अर्ध्या शिवीत ते थांबले, टाचा जुळल्या, डोळे मिटले आणि हात जोडले. हातात अंड्यांची पिशवी होती. हात जोडायचे तर पिशवी सोडावी लागते. वॉचमनने नंतर मला सांगितलं की अंडी पायरीपायरीने खाली गेली, तरी साहेबांनी डोळे उघडले नाहीत.

माणसाला अंड्यांचं दुःख नसतं. वॉचमनने पाहिलं, याचं असतं. बुधवारी फलकावर नोटीस लागली: 'सामाईक गच्चीवर विनापरवाना ध्वनिसाधन'. मला आयुष्यात पुष्कळ नावं ठेवली गेली, पण माझ्या घंटेला ध्वनिसाधन म्हणणारा हा पहिलाच. मीही ताठलो. परवानाच हवा ना? आणतो.

नगरपालिकेच्या खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "घंटा कोणत्या प्रकारची? शाळा, कारखाना, प्रार्थनास्थळ की आगीचा बंब?"

"घरची."

"घरची म्हणजे दारावरची बेल. त्याला परवाना लागत नाही."

"दारावर टांगली तर दार पडेल."

त्याने पेन ठेवलं. "आजोबा, वाजवता कशासाठी?"

मागची रांग खाकरायला लागली. शेवटी म्हणालो, "नातीची आई लांब आहे."

त्याने वर पाहिलं. मग 'इतर' असं लिहिलं आणि म्हणाला, "इतर असेल तर आवाज मोजायला यावं लागतं. शनिवारी मीच येतो."

दरम्यान रोजची प्रार्थना चालूच होती, पण तिची एक गंमत होत होती. मी गच्चीवर घंटा द्यायचो आणि गुडघे सांभाळत चार जिने उतरून घरात पोचायचो, तोवर शांतता संपलेली असायची. मला थोडी ओळखीची खूण पटली. शाळेतही मी सगळ्यांच्या प्रार्थनेची घंटा दिली आणि प्रार्थना चालू असताना फाटकाशी उभा राहिलो, उशिरा येणाऱ्यांना अडवायला. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता जिना उतरताना वाटायचं की आज तरी लवकर पोचावं.

पोचलो की खड्यांची पाळी. ठकी सोडायची: "वॉचमनच्या मांजरीसाठी." "पडलेल्या दातांसाठी." एकदा, "आजोबांच्या दांडीसाठी." आईसाठी एकदाही नाही. मी विचारलं, "आईची नाही येत आठवण?"

"तिला कुठे येते?" ठकी म्हणाली. "घंटा ऐकली तर येईल."

बायकोची पाळी आली की ती खडा पाण्यात टाकायची आणि "असाच" म्हणून उठायची. दूध उतू जाईल म्हणायची. दूध सकाळीच तापवलेलं असायचं.

शनिवारी कारकून आवाज मोजायचं यंत्र घेऊन आला. यंत्रात सेल नव्हता. कार्यालयात सेलसाठी अर्ज केलाय, म्हणाला, मागच्या वर्षी. मग आमच्या भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून यंत्रात घातला. मी ठोका दिला, काटा टोकाला गेला आणि तिथेच राहिला. कारकुनाने यंत्र हलवलं, आपटलं, पुन्हा ठोका मागितला. बराच वेळ हा खेळ चालला. शेवटी त्याने लिहिलं: 'गच्चीवर नामंजूर. घराच्या आत हरकत नाही.' सेल घड्याळात परत घालून तो चहा पिऊन गेला. भला माणूस होता. पण त्या यंत्राने आमच्या सेलचं रक्त शोषून घेतलं होतं, आणि घड्याळ त्या दिवसापासून लंगडायला लागलं. मोबाइलवर वेळ दिसते हे मला माहीत आहे. पण ती वेळ मी मानत नाही. भिंतीवर लटकत नाही ती कसली वेळ?

घराच्या आत घंटा टांगायची तर जागा एकच होती. मधल्या खोलीच्या छताला एक जाड कडी आहे. लेक तान्ही होती तेव्हा तिचा पाळणा तिथे होता, पुढे ठकीचा. पोस्टमास्तरांनी शिडी धरली, मी घंटा टांगली. बायको दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं आता काहीतरी टोचून बोलेल. ती म्हणाली, "नीट अडकवा. त्या कडीने दोघींना सांभाळलंय." आणि आत गेली.

रविवार आला. महिन्याचा शेवटचा. लेकीला सही करायची की नाही हे त्या दिवशी फोनवर सांगायचं होतं. बायको सकाळपासून फोन पुसत होती.

घड्याळात सात वाजले. खरं म्हणजे जगात साडेसात वाजले होते. आम्ही तिघं भांड्याभोवती बसलो. पहिल्यांदाच मला घंटा देऊन जिना उतरायचा नव्हता. मी बसल्या जागेवरून हातोडी उचलली आणि पहिले दोन ठोके दिले. खोली एवढीशी, आवाज नदीपलीकडे जाणारा. भांड्यातल्या पाण्यावर गोल गोल रेघा उठल्या.

आणि फोन वाजायला लागला.

बायको दचकली. मी दचकलो, पण हात थांबला नाही. प्रार्थनेची घंटा अर्धी सोडायची नसते. ठकीने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाईंच्या कागदाकडे पाहिलं. पलंग हाताच्या अंतरावर होता. पण शांततेत फोन वाजत राहिला तर शांतता मोडते. तिने पुढे होऊन फोन उचलला, त्याचा आवाज बंद झाला, आणि तो मांडीवर ठेवून तिने डोळे मिटले. मी उरलेले ठोके दिले. दोन, थांबा. दोन, थांबा. मग हातोडी खाली ठेवली.

"हॅलो?" ठकीच्या मांडीतून बारीक आवाज आला. "आई? बाबा?"

आता तुम्ही म्हणाल, मोठ्या माणसांना बोलायला काय झालं होतं? सांगतो. इतक्या महिन्यांत पोरीच्या हातात फोन पहिल्यांदा आला होता. मी बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे. हललो तर पोर फोन ठेवून देईल, बोललो तर पलंगाखाली जाईल. आम्हीही डोळे मिटले आणि श्वाससुद्धा जपून घ्यायला लागलो.

"कोणीतरी बोला ना," फोन म्हणाला. "घंटा का वाजली? बाबा, घंटा का वाजली?"

लेक माझ्याच शाळेत शिकलेली. संध्याकाळी साडेसातला दोन-दोन ठोके, आणि मग कोणी बोलत नाही. तिने काय समजायचं ते समजली. आमचा फोन तसाच चालू ठेवून तिने मैत्रिणीच्या फोनवरून सेक्रेटरींना फोन लावला. ते आम्हाला नंतर कळलं. आम्हाला कळलं ते एवढंच की जिन्यात धावपळ झाली, दार उघडंच होतं ते आणखी उघडलं, आणि सेक्रेटरी, मागे पोस्टमास्तर, त्यांच्या मागे शिकवणीच्या बाई आत घुसल्या. वरून घंटा लटकलेली, खाली पाण्याचं भांडं, भोवती आम्ही डोळे मिटून, आणि बायकोचं डोकं भिंतीला टेकलेलं.

"मामा!" सेक्रेटरींचा आवाज फाटला. "मामी गेल्या?"

बायकोने एक डोळा उघडला. "चपला बाहेर."

इमारतीत इतक्या आनंदाने कोणी चपला काढल्या नसतील. सेक्रेटरी भिंतीशी उभे राहिले, त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले. या वेळी हातात अंडी नव्हती. बाकीचेही उभे राहिले. सगळी खोली गप्प. फक्त फोनमधून रडणं येत होतं.

ठकीने फोन उचलून तोंडाजवळ धरला आणि कुजबुजली, "आई, रडू नको. शांतता चालू आहे. बाई रागावतील."

फोन गप्प झाला. मग अगदी हळू, "ठके? सगळे बरे आहेत?"

"हो. आता खडे." तिने मुठीतला खडा पाण्यात सोडला. टुबुक्. "हा तुझा. तू घंटा ऐकलीस?"

"ऐकली."

"मी आजोबांना सांगितलेलं, मोठ्याने वाजवा."

मग फोन बायकोच्या हातात आला. तिच्या दुसऱ्या हातात तिचा खडा होता. मी मनात म्हणालो, आता येणार 'आम्ही मजेत'.

"आई, मी काय सांगू त्यांना?" लेकीने विचारलं.

बायको पाण्याकडे बघत होती. शेजारपाजारचे खोलीभर उभे. एवढ्या लोकांसमोर ती कधी मोठ्याने शिंकलीसुद्धा नव्हती. तिने खडा सोडला.

"सही नको करू," ती म्हणाली. "मी रोज एक खडा टाकते गं. भांडं भरत आलं. ये आता."

पोस्टमास्तरांनी चष्मा काढला. सेक्रेटरी जिन्यात जाऊन नोटीस फाडायला लागले. तेवढंच त्यांना सुचलं.

लेक उन्हाळ्यात आली. विमानतळावरून घरी आल्यावर तिने आधी पलंगाखाली वाकून बघितलं, कारण ठकी आयत्या वेळी लाजून तिथेच गेली होती. मग तीही आत शिरली. दोघी बराच वेळ बाहेर आल्या नाहीत, आणि बायको पलंगाशी खाली बसून त्यांना आतच पाणी देत होती. नंतर लेकीने इथल्या इस्पितळात काम धरलं. पगार निम्मा. संध्याकाळची प्रार्थना चालू राहिली, नव्या सेलच्या घड्याळावर. बायकोच्या पाळीला ती खडा टाकायची आणि "असाच" म्हणायची. पण आता खरंच कोणाची आठवण नसायची.

ठकी पाचवीत गेली त्या वर्षी थंडीत, एका मंगळवारी सकाळी, मधल्या खोलीत दोन-दोन ठोके पडले. माझा हात उचलेना, ठकीने दिले. इमारतीतली माणसं असतील तिथे उभी राहिली आणि मग एकेक करून, चपला बाहेर काढून, आत आली.

माझी बायको त्या दिवशी पहाटे गेली. लेक तिच्या उशाशी होती.